गुलमोहराच्या बुंध्यावर हे काय आलंय? ओळखायला मदत हवी आहे

मंडळी, रंकाळ्याजवळ आमच्या गल्लीतल्या जुन्या गुलमोहराच्या बुंध्याला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, खापरांसारखे तीन थर फुटलेत. मोठा थर भाकरीएवढा. वरून तांबूस-तपकिरी, लाख फासल्यासारखा चकचकीत, कड पांढरी. भिंगातून पाहिलं तर खालच्या अंगाला नेहमीच्या अळंबीसारखे पडदे नाहीत, बारीक छिद्रं आहेत. आसपासच्या गवतावर कोकोसारखी तपकिरी पूड बसते.

मला गॅनोडर्मा, म्हणजे लाकूड कुजवणारी बुरशी, वाटतेय. मोबाईलवर वरून, बाजूने, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढले. खालचा भाग मात्र एकतर काळा येतो, नाहीतर फ्लॅशने पांढराफटक. अ‍ॅपने तीन वेळा तीन नावं सांगितली! थर तोडायचा नाही, झाडही पाडायचं नाही. आणि खायचा विचार अजिबात नाही, तेव्हा कुणी रश्श्याची पाककृती देऊ नका.

पालवी नेहमीसारखी आहे, पण खोडावर ठोकलं की एका बाजूला पोकळ आवाज येतो आणि खाली रोज दुचाक्या लागतात. थर न तोडता छिद्रांचा स्पष्ट फोटो कसा घ्यायचा? आणि आतलं लाकूड किती कुजलंय हे तपासायला आधी कुणाला गाठू, शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग की महापालिकेचं उद्यान खातं?