जुन्या स्विफ्टला 16 इंची चाकं: 20 मिमीचा स्पेसर लावावा का?

होटगीरोड_स्विफ्ट:
गाडी 2008 ची स्विफ्ट डिझेल. मूळ लोखंडी रिम 14 इंची, 5 जे (रुंदी, इंचात), ईटी 45 (चाक गाडीला टेकतं ती बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर, ते). टायर 165/80 आर 14. आता घेतलेली अलॉय 16 इंची, 6.5 जे, ईटी 45, पीसीडी 4x100 (100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर 4 नटांची भोकं), मधलं भोक 73.1 मिमी, टायर 195/55 आर 16. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढची दोन्ही चाकं घासतात. दुकानदार म्हणतो, 20 मिमीचे स्पेसर, म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाकाच्या मधे घालायच्या चकत्या, टाका, काम झालं. फक्त पुढे टाकू की चारही चाकांना?

जुना_फिटर:
थांबा, आधी कुठं घासतंय ते शोधा. या गाडीत पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअबसॉर्बरचा खांब) चाकाबरोबरच वळतो. त्यामुळं टायर आणि स्ट्रटमधलं अंतर सरळ असताना जेवढं, तेवढंच पूर्ण वळवल्यावर. टायर स्ट्रटला लागत असता तर सरळ रस्त्यावरही लागला असता. फक्त पूर्ण वळवल्यावर घासतंय म्हणजे लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर), बंपरची कड किंवा आतलं पत्रं. टायरच्या खांद्यावर आणि बाजूवर खडू फासा, दोन्हीकडं पूर्ण वळवून हळू पुढं-मागं घ्या, खडू कुठं उमटला ते बघा.

आता आकडे. ईटी तोच ठेवून रिम 5 चा 6.5 जे झाला, म्हणजे आतली कड 19 मिमी आत आणि बाहेरची 19 मिमी बाहेर गेली. 20 मिमीचा स्पेसर टाकला की ईटी उरला 25. आतली कड जवळपास मूळ जागी येईल, पण बाहेरची मूळपेक्षा 39 मिमी बाहेर. चार माणसं आणि सामान भरून खड्ड्यात गेलात की टायर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) ओठाला लागणार. बेअरिंगवर तरफ वाढते, ब्रेक दाबताना स्टिअरिंग ओढतं, ते वेगळंच.

एमएच13_गॅरेज:
वरचं बरोबर आहे. स्पेसरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण चुका इथंच होतात.

पातळ चकतीचा स्पेसर गाडीच्याच स्टडवर (हबमधून बाहेर आलेले, नट बसायचे बोल्ट) बसतो. या स्टडचा आटा एम12x1.25. नट किमान 12 मिमी, म्हणजे जवळजवळ 10 फेरे बसलाच पाहिजे. स्पेसर टाकल्यावर फेरे मोजा. 6-7 फेऱ्यांतच नट अडला तर तो स्पेसर त्या स्टडवर चालणार नाही. 10 मिमीसाठी लांब स्टड लागतात, आणि ते हायड्रॉलिक प्रेसनेच बसवायचे. हातोड्यानं ठोकून नाही.

20 मिमीचा स्पेसर हबला वेगळ्या नटांनी आवळतात आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर बसतं. गाडीचे मूळ स्टड त्याच्या जाडीबाहेर डोकावले तर चाकाच्या पाठीला टेकतात. मग नट आवळल्यासारखा वाटतो, पण चाक दाबलं जात नाही. चाकावरचं वजन नट किंवा स्पेसर पेलत नाहीत. आवळलेल्या दाबातून येणारं घर्षण पेलतं. तो दाब गेला की स्टड वाकत-सरळ होत थकतो आणि तुटतो.

दोन स्पेसर एकावर एक कधीच नकोत. अनेक पीसीडीसाठी लांबट भोकं पाडलेले "युनिव्हर्सल"ही नकोत.

तुमचं भोक 73.1 आणि या हबचा ओठ 54.1. मधे 73.1 ते 54.1 चं हब-रिंग (ही मधली जागा भरणारी कडी) नसेल तर ताशी 80 च्या वर चाक थरथरू शकतं आणि ते बॅलन्सिंग करूनही जात नाही. स्पेसर असो वा नसो, ही चार रिंगं आधी घ्या.

होटगीरोड_स्विफ्ट:
खडू लावला. स्ट्रटपासून अंतर 7 मिमी. खडू उमटला तो पुढच्या लायनरच्या खालच्या कोपऱ्यात, बंपरजवळ.

जुना_फिटर:
मग स्पेसर नकोच. चाक बाहेर ढकललं की वळताना ते अजून मोठ्या कमानीत फिरतं आणि नेमकं त्याच कोपऱ्याला जास्त घासतं. लायनरच्या क्लिपा काढा, कोपरा हीटगनने मऊ करून मागं दाबा, नवी क्लिप मारा. तरी लागलं तर त्या कोपऱ्याची कड 10-15 मिमी कापा. टायरचा व्यास 619.6 चा 620.9 मिमी झालाय, त्यामुळं स्पीडोमीटरमध्ये फरक नाही.

एमएच13_गॅरेज:
बसवताना हबचा तोंडाचा भाग तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत साफ करा. त्यावर ग्रीस नको, रंगही नको. 60 अंशाच्या शंकूच्या आकाराच्या बैठकीचे नट, समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं 85 न्यूटन-मीटर. 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. टायरच्या बाजूची उंची 132 मिमीची 107 झालीय. पाऊस पडला की आपल्या काळ्या मातीच्या भागातल्या रस्त्यांना जे खड्डे पडतात, त्यांत रिमला वाक येतो. हवा सकाळी गाडी थंड असतानाच तपासा. उन्हाळ्यात दुपारी 42-43 अंशांत गरम टायरचा आकडा बघून हवा सोडू नका. अजून चाकं बदलून मिळत असतील तर 15 इंची 6 जे, 185/65 आर 15 घ्या. व्यास 621.5, बाजू 120 मिमी, आणि आतल्या बाजूला जागाही जास्त सुटते.