आईच्या आजारपणाबद्दल लिहितेय. वहीतच ठेवू की जाहीर लिहू?

भांडुपची लेक:
आईला अल्झायमर्स आहे. बाबा गेल्यावर तिला गिरगावातून आमच्याकडे भांडुपला आणलं. डॉक्टरांनी नोंदी ठेवायला सांगितलं होतं: झोप, खाणं, कशावरून चिडली. रात्री भांडी आवरली की ती वही ओट्यावर ठेवून उभ्याउभ्याच लिहिते. आता त्यात डॉक्टरांच्या कामाचं कमी आणि माझ्या मनातलंच जास्त असतं.

एक प्रसंग सांगते. दिवेलागणीला आई पदर खोचते, पिशवी घेते आणि दाराशी उभी राहते. "चल, उशीर झाला, मला घरी जायचंय." घर म्हणजे गिरगावातली चाळ. "अगं, हेच घर" म्हटलं की आणखी बिथरायची, सेफ्टी डोअर हलवत बसायची. मग एके दिवशी मी समजावणं सोडलं, चपला घातल्या आणि तिला घेऊन खाली उतरले. बिल्डिंगला फेरी, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी, भाव करायचं काम तिच्याकडे. लिफ्टमधून वर आलो तेव्हा म्हटलं, "आलं बाई घर एकदाचं." तिने चपला जागेवर ठेवल्या आणि कोथिंबीर निवडायला बसली. या आजारात संध्याकाळी अशी घालमेल अनेकांची होते, हे मला फार नंतर कळलं.

मावसबहीण म्हणते, हे जाहीर लिही, कुणाला तरी उपयोग होईल. मलाही मनापासून तसंच वाटतं. पण त्याच पानावर पुढे तिला आंघोळ घालतानाचं आहे. मला परकी बाई समजून ती अंग चोरते, ते आहे. भावावरचा रागही आहे. आई शाळेत शिक्षिका होती, केस विंचरल्याशिवाय गॅलरीतही यायची नाही. आता तिला विचारायची सोय उरलेली नाही. काय करू?

सातची लोकल:
ताई, मी माझ्या डायलिसिसबद्दल फेसबुकवर उघड लिहितो. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला तयार केलेल्या शिरेचा हात कसा जपतो, डायलिसिस झाल्यावर कसा गळून जातो, सगळं. डॉक्टरांनी दिवसाचं जेवढं पाणी सांगितलंय तेवढं सकाळीच एका बाटलीत भरून ठेवतो, हे लिहिलं होतं. ते वाचून एका बाईंनी नवऱ्यासाठी तसंच सुरू केलं. म्हणून सांगतो, लिहाच. फक्त माझं अंग माझं आहे. तुमचा प्रश्न तिथेच अडतो, हे खरं.

फोर्टातली वकील:
खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 2017 साली एकमताने सांगितलं. आजारामुळे तो कमी होत नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर ब्लॉग लिहिणाऱ्या बाईचंच उदाहरण दिलंय: तिने स्वतःची माहिती स्वतः जाहीर केली तर त्या माहितीला हा कायदा लागू नाही. इथे माहिती आईंची आणि जाहीर करणार तुम्ही, हा फरक मोठा आहे. घरगुती वही मात्र या कायद्याच्या बाहेर, तिची काळजी नको. आणि नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. गिरगाव, शिक्षिका, भांडुप, एवढ्यावरून जुना विद्यार्थी ओळखेल.

काळाचौकी:
मी नात म्हणून लिहितेय. आमच्या घरातल्या एकाने आजीच्या शेवटच्या दिवसांवर भरपूर लिहिलं, फोटोंसकट. आजी गिरणीच्या संपात शिवणकाम करून घर चालवणारी बाई. ती गेल्यावर भेटायला आलेले लोक मात्र तिच्या डायपरबद्दल हळहळत होते. मला तेव्हा भयंकर राग आला, अजूनही येतो. ताई, आंघोळीचं पान कुणालाही देऊ नका.

निवांत:
मी समुपदेशनाचं काम करते. पेनबेकर आणि बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं लिहायला लावलं होतं. ज्यांनी दुखरी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी राहिल्या. त्यासाठी वाचक लागला नव्हता. भावावरचा राग वहीत पूर्ण उतरू द्या. जाहीर लिहायचं मनात ठेवून लिहायला लागलात तर हात आखडेल आणि तुमचा हा एकुलता विसावा जाईल, याची मला जास्त काळजी वाटते. बोलायला माणसं हवी असतील तर अल्झायमर्सचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या एआरडीएसआय या संस्थेची मुंबईतही शाखा आहे.

भांडुपची लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काळाचौकी, तुमचं वाचून वही मिटली आणि बराच वेळ आईजवळ जाऊन बसले.

वही आहे तशीच राहील, कुणासाठी म्हणून त्यात एक ओळही बदलणार नाही. जाहीर लिहीन ते मी काय केलं तेवढंच: दाराशी काय बोलले, गॅसचं बटण कसं काढून ठेवते, रात्री बाथरूमचा दिवा का चालू ठेवते. आईचं अंग, तिचे शब्द, तिची शाळा यातलं काही नाही. कोथिंबीर चालेल असं वाटतं, तिला भाव करायला आवडायचंच.

भाऊ रविवारी येतोय. पहिलं लिखाण आधी त्याला वाचायला देणार. त्याचीही ती आई आहे, आणि त्याने एखादी ओळ काढायला सांगितली तर ती काढेन.