आहारविकारातून ‘बरे होणे’ वजनाने मोजावे का?

साक्षेप (मूळ लेखन)
आहारविकारांवर क्लिनिकल संशोधन करणाऱ्याला उपचारांची तुलना करण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: रुग्ण बरा झाला, हे कशावरून म्हणायचे? अ‍ॅनोरेक्सियाच्या (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे कमालीचे तोडण्याच्या विकाराच्या) बाबतीत उत्तर बहुधा वजनकाट्यावर शोधले जाते, कारण तो आकडा कोणीही घेतला तरी तोच येतो. माझ्या मते हा आपल्या सोयीला दिलेला अवाजवी मान आहे. वजन पूर्ववत झालेली व्यक्ती प्रत्येक घासाचा हिशेब मांडत असेल आणि आरसा टाळत असेल, तर आजार केवळ नजरेआड झाला आहे. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे मांडले, की अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया (अनावर खाऊन मग उलटी वगैरेंनी ते काढून टाकण्याचा विकार) आणि त्यांसारख्या इतर विकारांच्या गाभ्याशी एकच गोष्ट आहे: स्वतःचे मोल शरीराचा आकार, वजन आणि त्यांवरील ताबा यांवरूनच ठरवणे. हे मान्य असेल, तर मोजायचेही तेच.

धीमा
असहमत. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज या संशोधकांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सरासरी चतुर्थांशाने घटले. त्यांच्यापैकी कोणालाही अ‍ॅनोरेक्सिया नव्हता. तरीही ते पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, माणसांपासून तुटले, खिन्न आणि चिडचिडे झाले, आणि पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावर काहींचा खाण्यावरचा ताबाच सुटला. तुम्ही ज्याला मनाचा गाभा म्हणता, त्यातले बरेचसे उपासमारीचेच काम असू शकते. उपाशी मेंदूला प्रश्नावली देऊन आपण नक्की काय मोजतो?

साक्षेप
उपासमारीचा वाटा मी नाकारत नाही. पण त्या तरुणांना जेवायचे होते, आणि अन्न मिळताच ते जेवले. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णाला समोरच्या ताटाचीच भीती वाटते. हा फरक वजन मोजून दिसणार नाही. शिवाय २०११ च्या एका मेटा-अनॅलिसिसमध्ये (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात) अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांच्या मृत्यूंपैकी सुमारे पाचातला एक आत्महत्येने झालेला आढळला. तो धोका वजनाच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचा?

धीमा
आणि उरलेले चार? त्यांतल्या अनेकांत हृदय, क्षार, कुपोषण हेच कारण असते. रुग्ण आधी जगला पाहिजे. वजनाला पहिला मान मिळतो तो सोयीसाठी नव्हे, यासाठी.

उंबरठा
दोघेही ‘हे की ते’ असे भांडत आहात, पण चांगल्या चाचण्यांनी दोन्ही अटी एकत्र घातलेल्या आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२१ किशोरवयीन रुग्णांवर कुटुंबाधारित उपचार आणि वैयक्तिक उपचार यांची तुलना झाली. तिथे पूर्ण बरे होणे म्हणजे वजन अपेक्षित वजनाच्या किमान ९५ टक्के असणे, आणि त्याचबरोबर खाण्याविषयीच्या विचारांच्या मुलाखतीतले गुण सर्वसामान्य पट्ट्यात येणे, असे ठरवले होते. उपचार संपले तेव्हा या निकषावर दोन गटांतला फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. वर्षभराने मात्र कुटुंबाधारित गटात सुमारे ४९ टक्के, तर दुसऱ्या गटात २३ टक्के रुग्ण पूर्ण बरे होते. तेव्हा ‘काय मोजावे’ याइतकाच ‘केव्हा मोजावे’ हाही प्रश्न आहे, आणि त्यावर आपण फारच कमी बोलतो.

एक जोड देतो, जरा विषयांतर वाटले तरी. २०१९ च्या जनुकीय अभ्यासात, सुमारे १७ हजार रुग्णांच्या माहितीवरून, अ‍ॅनोरेक्सियाशी निगडित अशा जनुकसंचातल्या आठ जागा सापडल्या, आणि त्याचे जनुकीय नाते मंत्रचळेपणासारख्या (ओसीडी) मनोविकारांशी जसे दिसले, तसेच चयापचयाच्या काही गुणांशीही दिसले. नाते म्हणजे कारण नव्हे, हे मान्य. तरी मन एका पारड्यात आणि शरीर दुसऱ्या, ही मांडणी त्यानंतर मला पटेनाशी झाली.

साक्षेप
दुहेरी निकष मला मान्य आहे, आणि माझ्या शीर्षकातला प्रश्न एकांगी होता, हेही. पण त्या निकषाचा फायदा अपेक्षित वजनाच्या खाली असलेल्यांना होतो. डीएसएम-५ ने (अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने) २०१३ मध्ये ‘असामान्य अ‍ॅनोरेक्सिया’ नोंदवला, ज्यात बरेच वजन घटूनही रुग्ण सामान्य पट्ट्यातच असतो. त्याच्यासाठी वजनाची अट पहिल्या दिवशीच पूर्ण झालेली असते.

धीमा
त्या रुग्णाच्या बाबतीत तुमचे बरोबर आहे. मग त्याच्याकरिता अट त्याच्या आधीच्या वजनावरून ठरवा, पण ती काढून टाकू नका.