बुधादित्य : आधी अंश बघा

पत्रिकेत धनु लग्न, दशमात (कर्मस्थानात) कन्येत रवी ४ अंश आणि बुध १९; रवी-बुध एकत्र, म्हणजे बुधादित्य योग. या पत्रिकेवरच्या आधीच्या उत्तरात 'बुध अस्तंगत (रवीच्या फार जवळ आल्याने निस्तेज), योग वाया' असं म्हटलंय, ते पटत नाही. अंतर १५ अंश आहे. मार्गी (सरळ चालीच्या) बुधाचा अस्त १४ अंशांच्या आत धरतात, वक्री (उलट चालीचा) असेल तर १२. म्हणजे हा बुध सुटलाय, शिवाय मूलत्रिकोणात (ग्रह बलवान मानतात त्या अंशांत), नवांशात (राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीत) स्वतःच्याच मिथुनेत. भाग्येश-कर्मेश (नवम आणि दशम स्थानांचे स्वामी) युती आहे ही, उत्तमच!

बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून नुसता बुधादित्य कितीतरी पत्रिकांत सापडतो. फरक भावेशत्वाने, म्हणजे ते ग्रह कोणत्या स्थानांचे स्वामी आहेत त्याने पडतो. खटकतं ते एकच: बुध हस्त नक्षत्रात, नक्षत्रस्वामी चंद्र इथे अष्टमेश (अडचणींच्या आठव्या स्थानाचा स्वामी). बुधाच्या महादशेत (त्याच्या अमलाच्या काळात) कामात अडथळे, बदल संभवतात. चंद्राची स्थिती कळवा, आणि भावचलितात (स्थानांच्या सीमा अंशांवरून ठरवणाऱ्या कुंडलीत) रवी नवमात सरकत नाही ना, तेही तपासा.