फोंड्याहून गाडीने रोलर कोस्टरला: खोपोली की बिडदी?

फोंड्याची_आई

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढून एखाद्या मोठ्या थीम पार्कला जायचं घरात ठरलंय. मुलगी आठवीत आहे, तिला रोलर कोस्टरचं जबरदस्त वेड, फोनवर दिवसभर तेच व्हिडिओ. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात आता तिला काही वाटत नाही, आणि आपल्या गोव्यात वॉटर पार्क आहेत पण उलटं फिरवणारा खरा कोस्टर कुठेच नाही. धाकटा पाच वर्षांचा. सोबत सासूबाई येणार, गुडघे दुखतात पण फिरायची हौस दांडगी, त्यांना घरी ठेवून जायचं नाही हे माझं पक्कं आहे.

खोपोलीचं इमॅजिका बरं की बेंगळुरूजवळ बिडदीचं वंडरला? रस्ता कुठून धरायचा, एका दिवसात होईल का (चालवणारे हे एकटेच, मी घाटात चालवत नाही), आणि मुख्य म्हणजे हे कोस्टर सेफ असतात का हो? मुलगी एकटी बसायला तयार आहे, माझाच जीव वरखाली होतोय. ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

डिचोलीचा_ड्रायव्हर

ताई, खोपोली साडेपाचशे किलोमीटरच्या आतबाहेर, बिडदी सहाशेच्या आसपास, म्हणजे फार फरक नाही, अंतरावरून ठरवू नका. रस्ता मात्र नीट बघून धरा. तुम्ही फोंड्याचे म्हणजे उसगाव, धारबांदोडा, मोले करून अनमोड घाट चढायचा, रामनगर, खानापूर, बेळगाव. बेळगावला एनएच ४८ लागला की मग निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे आणि एक्सप्रेसवेने खोपोली. आम्ही डिचोली-साखळीवाले केरीवरून चोर्ला चढतो, तोही छान आहे पण वळणं जास्त, आणि मागे लहान मूल असलं की गाडी लागतेच लागते.

दोन्ही घाटांत अंधारात चढू नका. गवे रस्त्यावर येतात, वळणावर अचानक समोर काळा डोंगर उभा असल्यासारखा गवा असतो आणि तो हलत नाही, आपणच थांबायचं. उजाडताना पायथ्याशी पोचाल अशा बेताने घरून निघा. टाकी गोव्यातच फुल करा, पलीकडे पेट्रोल महाग पडतं. फास्टॅगमध्ये पैसे असू द्या, बेळगाव ते पुणे हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे एकामागून एक टोलनाके आहेत.

एका दिवसात होतं, पण एकटा ड्रायव्हर आणि सोबत आजी, तर करू नका. कोल्हापूरला मुक्काम करा, सासूबाईंना अंबाबाईचं दर्शन होईल आणि त्यांचीही ट्रिप होईल. दुसऱ्या दिवशी आरामात लोणावळा किंवा खोपोली गाठा, रात्री झोपा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडायच्या आधी पार्कच्या दारात. थकलेल्या अंगाने कोस्टरमध्ये बसलं की डोकं गरगरतं आणि मग पोरं म्हणतात मजा नाही आली.

पेडण्याचा_बाबू

दादा, रस्त्याचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इमॅजिका ऐन एक्सप्रेसवेवर नाही, ते खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला आहे. म्हणजे कोकणातून एनएच ६६ ने गेलं तर पुणंही नको आणि पनवेलही नको. पत्रादेवी, बांदा, कुडाळ, कणकवली, राजापूर, चिपळूण, मग कशेडीच्या बोगद्यातून पोलादपूर, महाड, माणगाव, कोलाड, आणि नागोठण्याच्या अलीकडे वाकण फाट्याला उजवीकडे वळायचं. पाली आली, म्हणजे बल्लाळेश्वर, अष्टविनायकातला एक गणपती, तिथे सासूबाईंचं दर्शन, आणि त्याच रस्त्याने पुढे पार्क. आम्ही पेडण्याचे लोक हाच रस्ता धरतो, सगळा प्रवास हिरवळीतून, जेवायला मासे मिळतात आणि कोकणातली माणसं बोलायलाही आपलीच वाटतात.

माणगाव आणि इंदापूरला मात्र गाड्या तुंबतात, शनिवार-रविवारी तर विचारूच नका. चवथीच्या आधीचे चार दिवस या रस्त्याचं नाव काढू नये, अख्खी मुंबई खाली येत असते. दिवाळीत तेवढं नसतं.

डिचोलीचा_ड्रायव्हर

बाबू, पेडण्याहून मीही तेच म्हटलं असतं. पण फोंड्याहून निघून, आजी आणि पाच वर्षांचं पोर गाडीत असताना मी चार पदरी रस्ताच धरेन. एनएच ४८ वर दर थोड्या अंतरावर बरी हॉटेलं आणि स्वच्छ संडास आहेत, म्हाताऱ्या माणसाला त्याचीच काळजी जास्त असते. जाताना पुण्यावरून, येताना पाली करून कोकणातून, असं गोल फिरलात तर दोन्ही देव होतील.

कोस्टरवेडा_मडगाव

ताई, या विषयावर मला कुणी विचारलं की मी सुटतो, जरा मोठं होईल पण वाचा.

मुलीला जर कोस्टरसाठीच न्यायचं असेल तर खोपोली, डोळे झाकून. इमॅजिका २०१३ ला सुरू झालं आणि तिथला नायट्रो हा आपल्या देशातला सगळ्यात भारी कोस्टर आहे असं मी छातीठोकपणे सांगतो. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीचा, जगभरचे कोस्टरवाले या कंपनीचं नाव आदराने घेतात. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी शंभरच्या वर, पाच वेळा उलटं, आणि फ्लोअरलेस, म्हणजे पायाखाली जमीनच नाही. होतं कसं, की तुम्ही स्टेशनात सीटवर बसता, खांद्यावरून हार्नेस खाली येतो, तिथला पोरगा प्रत्येकाचा हार्नेस हाताने ओढून, दाबून बघतो, पट्टा लावतो, आणि मग पायाखालचा प्लॅटफॉर्म खाली सरकतो. पाय लोंबकळायला लागतात. त्या क्षणी सगळ्यांचं बोलणं थांबतं. मग गाडी चढाला लागते, साखळी ओढत नेते, वर पोचेपर्यंत खोपोलीचे डोंगर दिसतात, आणि पुढे जे होतं ते लिहून सांगण्यासारखं नाही.

तिथलाच डीप स्पेस मला तितकाच आवडतो. तो बंद इमारतीत, काळोखात आहे आणि त्यात चढ चढून सावकाश वर जाणं नाही, चुंबकाच्या जोरावर गाडी थांबल्या जागेवरून सुसाट सोडतात. पुढचं वळण कुठलं ते कळतच नाही.

बिडदीच्या वंडरलात (२००५ पासूनचं पार्क) रिकॉइल आहे, व्हेकोमा या डच कंपनीचा बूमरँग प्रकार. तुम्हाला आधी पाठीमागे उंच ओढत नेतात, सोडतात, गाडी तीनदा उलटी होऊन समोरच्या चढावर जाते आणि तिथून तोच रूळ, तीच तीन उलट्या, पण आता सगळं पाठमोरं. एकूण सहा. पाठमोरं जाताना पुढे काय येतंय ते दिसत नसल्याने शरीर तयारच होत नाही, म्हणून काहींना तो नायट्रोपेक्षा जड जातो. वंडरलाचा मोठा फायदा हा की ड्राय राइड्स आणि पाण्याचे खेळ एकाच तिकिटात होतात, इमॅजिकाला वॉटर पार्कचं तिकीट वेगळं. बिडदीला जायचं ठरलंच तर तुमकूरच्या बाजूने शहरात न शिरता नाइस रोडने थेट म्हैसूर रोडला निघा, नाहीतर बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जाईल.

आता सेफचं. तुमची भीती रास्त आहे, आईला वाटणारच. पण आतलं यंत्र समजलं की ती बरीच कमी होते. कोस्टरच्या डब्याला तीन बाजूंनी चाकं असतात. वरची चाकं वजन पेलतात, बाजूची चाकं वळणावर डबा सरकू देत नाहीत, आणि तिसरी रुळाला खालून पकडून ठेवतात. ही खालची चाकं जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये पेटंट केली, त्यामुळेच डबा उलटा झाला तरी रूळ सोडत नाही. चढावर जो टक टक टक आवाज येतो ना, ज्याने सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, तो खरंतर मागे न घसरण्यासाठी लावलेल्या खिट्ट्यांचा आवाज आहे. समजा साखळी तुटली तरी गाडी जागच्या जागी अडकून राहील, मागे यायची नाही. आणि सगळा रूळ भागांत वाटलेला असतो, पुढच्या भागात दुसरी गाडी असेल तर ब्रेक आपोआप लागतो. म्हणून कधी राइड मध्येच थांबली तर घाबरू नका, यंत्रणा आपलं काम करतेय असं समजा, बाजूला जिना असतो, तिथून उतरवतात.

लूपचंही (गाडी उलटी होते तो रुळाचा उभा फेरा) एक सांगतो, मुलीला शाळेत फिजिक्सला कामी येईल. १८९५ मध्ये अमेरिकेत कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर होता, त्याचा लूप पूर्ण गोल. खालून गोलात शिरताना एकदम इतका जोर बसायचा की लोकांच्या माना दुखावायच्या. पुढे जर्मन इंजिनिअर वेर्नर स्टेंगेलने लूप थेंबाच्या आकाराचा केला, खाली पसरट आणि वर अरुंद, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कला तो आला, आणि तेव्हापासून सगळीकडे हाच आकार. नायट्रोच्या खाली उभं राहून बघा, लूप कंपासने काढल्यासारखा गोल नाही हे लगेच दिसेल.

शेवटची गोष्ट सीटची. पहिल्या रांगेत समोर काहीच नसतं, नुसतं आकाश. शेवटच्या रांगेत उतारावर पुढचे डबे तुम्हाला खेचून नेतात, सीटवरून उचलल्यासारखं होतं. पहिल्यांदा मधे बसवा, आवडलं की मग पुढे, मग मागे.

काणकोणची_मावशी

माझ्या आईला घेऊन मी खोपोलीला गेलेय, तेव्हा सासूबाईंसाठी लिहिते. म्हातारं माणूस पार्कात दमतं ते चालण्याने. ऊन, फरशी आणि रांगा. आत शिरल्या शिरल्या व्हीलचेअरची चौकशी करा, लाजू नका. गुडघे, पाठ, ब्लड प्रेशर, हार्ट यांतलं काही असेल तर कोस्टरच्या वाट्याला जाऊ नये, बोर्डावर लिहिलेलं असतं आणि ते खरंच पाळावं. पण आय फॉर इंडिया म्हणून आहे, मोठ्या पडद्यासमोर सीटवर बसल्या बसल्या अख्ख्या देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं, पट्टा लावलेला असतो. माझी आई कधी हिमालयात गेली नाही, तिथे बर्फाचे डोंगर पायाखालून जाताना तिने माझा हात घट्ट धरला आणि बाहेर आल्यावर म्हणाली, परत बसूया. उंचीवर चक्कर येत असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

गाडीत उलटी होणाऱ्यांना रिकाम्या पोटी बसवू नका आणि गच्च भरूनही नको. दोन पाव आणि थोडी पातळ भाजी, बस. आलेपाक जवळ ठेवा, मागे बसून फोन बघू देऊ नका, खिडकीतून लांब बघायला सांगा. गोळी द्यायचीच असेल तर डॉक्टरना विचारून, विशेषतः आजींना, आधीच्या गोळ्या चालू असतात ना.

आणि काणकोणच्या, मडगावच्या लोकांना सांगते, बिडदीला जायचं तर कारवार, अंकोला, यल्लापूर करून हुबळीला निघा, आम्हाला तेच सोयीचं.

फोंड्याची_आई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ह्यांना वाचून दाखवलं, खोपोलीच ठरलं. जाताना कोल्हापूर, येताना पाली. मुलीने चाकांचं आणि लूपचं वाचून वहीत चित्र काढलंय आणि आता ती मला समजावतेय. दोन शंका राहिल्या. धाकट्याला कशात बसता येईल? आणि दिवाळीच्या ऐन आठवड्यात जावं की नको?

कोस्टरवेडा_मडगाव

ऐन आठवड्यात नको. भाऊबीज झाली की मुंबई-पुण्याची सगळी गर्दी तिथेच. आपल्या शाळांची सुट्टी शिल्लक असेल तर पुढच्या आठवड्यातला मंगळवार, बुधवार धरा. गेट उघडताच बाकी काही न बघता सरळ नायट्रो, कारण दुपारी तिथली रांग लांबत जाते, आणि सकाळच्या वेळी लागोपाठ दोनदा बसायलाही मिळतं. निघण्याआधी पार्कला फोन करून कुठली राइड मेंटेनन्सला बंद आहे ते विचाराच. साडेपाचशे किलोमीटर जाऊन नायट्रो बंद असला तर पोरगी रडेल.

धाकट्याला दारातच उंचीच्या पट्टीपाशी उभं करतात. मोठ्या कोस्टरला तो बसत नाही, आणि बसवा म्हणून तिथल्या लोकांशी हुज्जत घालू नये, हार्नेस त्या उंचीच्या शरीरासाठी बनवलेलाच नसतो. लहान मुलांच्या राइड्स भरपूर आहेत. गोल्ड रश एक्सप्रेस म्हणून फॅमिली कोस्टर आहे, खाणीतल्या गाडीसारखा, त्याची उंची भरते का तेवढं बघा, भरली तर तुम्हीही बसा त्याच्यासोबत. तुम्हाला नायट्रोची हिंमत तिथूनच येईल.

डिचोलीचा_ड्रायव्हर

आणि ताई, पार्क बंद झाल्यावर त्याच रात्री परतीला निघायचं नाही, कितीही वाटलं तरी. दिवसभर उन्हात उभं राहून, चार वेळा उलटं होऊन माणूस स्टिअरिंगवर डुलक्या काढतो. रात्री तिथेच खोपोलीला झोपा. पार्कला लागूनही हॉटेल आहे, महाग वाटलं तर गावात साधी लॉज मिळतात.

काणकोणची_मावशी

मुलीला चपला नको, मागे पट्टा असलेले सॅंडल नाहीतर बूट घाला, नायट्रोत पाय मोकळे असतात, नाहीतर चढायच्या आधी काढून ठेवायला लावतात. चष्मा असेल तर दोरी लावा. फोन आणि गाडीची चावी सासूबाईंच्या पर्समध्ये.

फोंड्याची_आई

चष्मा आहे तिला, दोरी आजच आणते. आल्यावर फोटो टाकीन. कोस्टरवेडा भाऊ, पहिल्या रांगेत मीही बसणार असं कबूल करून घेतलंय तिने माझ्याकडून.

कोस्टरवेडा_मडगाव

मग चढ संपताना डोळे उघडे ठेवा ताई, आणि डोकं मागे सीटला टेकवून बसा.