हक्क सगळ्यांचे, पण ठरवले कोणी?

कोरा कागद
मानवी हक्क शिकवतात म्हणजे काय करतात? १० डिसेंबर १९४८, पॅरिस, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा, कलमं ३०. पाठ करा, पेपरात उतरवा, विसरा. त्यापेक्षा तेव्हाची भांडणं शिकवा, असं माझं मत.

मतदानात ४८ देश बाजूने, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. तटस्थ कोण? सोव्हिएत संघासह सहा साम्यवादी देश, सौदी अरेबिया आणि त्याच वर्षी वर्णभेदी राजवट आलेली दक्षिण आफ्रिका. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'ऑल मेन' होतं. त्यात बायका आल्याच, अशी समजूत. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या, म्हणून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झालं. एका शब्दाची ही हकिकत सांगितली तर 'सर्व' म्हणजे कोण हे मुलांना वेगळं समजवावं लागणार नाही.

तिरकस
असहमत. भांडणं शिकवायचीच तर भांडायला कोणाला बोलावलंच नव्हतं तेही शिकवा. आफ्रिकेचा बहुतेक भाग तेव्हा पारतंत्र्यात होता, त्याला मत कुठलं? ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम एका हाताने समतेला मत देत होते, दुसऱ्या हातात वसाहती. लादण्याची शंका तेव्हाही होतीच: १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने निवेदन काढून विचारलं होतं की पश्चिमेची मूल्यं सगळ्या संस्कृतींना कशी लागू करणार? याला वैश्विक म्हणणं म्हणजे आपल्याच घरच्या पंगतीला गावजेवण म्हणणं.

कोरा कागद
त्याच संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने जाहीरनामा काढला, तेही सांगा की राव.

वसाहतींचा मुद्दा मान्य. पण पुढचं बघा. १९६० मध्ये वसाहतवाद संपवण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला, तो आशिया-आफ्रिकेतल्या देशांनी मांडला आणि त्यात याच जाहीरनाम्याचं पालन करा असं लिहिलं. तेव्हा तटस्थ कोण राहिलं? ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम! तुमच्या यादीतले तिघेही. ज्यांना बोलावलं नव्हतं त्यांनी तोच कागद उचलून मालकांसमोर धरला. तो फक्त पश्चिमेचाच असता तर पश्चिमेलाच अडचणीचा का झाला?

गोधडी
सगळे हक्कांवरच बोलताय. कर्तव्याचं काय? गांधीजींनी १९४७ मध्ये युनेस्कोचे तेव्हाचे प्रमुख ज्युलियन हक्सली यांना कळवलं होतं की हक्क हे नीट बजावलेल्या कर्तव्यातून येतात, हे मी माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. शिक्षणाची सुरुवात तिथून करा.

जुना वाचक
@गोधडी, तान्ह्या बाळाने कुठलं कर्तव्य बजावलं? अंथरुणाला खिळलेल्या माणसाने? समाजाप्रती कर्तव्यं जाहीरनाम्यातही आहेत, कलम २९ वाचा. पण हक्क कर्तव्याच्या बदल्यात मिळणार असेल तर हिशेबाची वही कोणाच्या हातात असेल? बहुधा त्याच्याच, ज्याच्यापासून वाचायला हक्क हवेत.

आता शिकवण्याविषयी. मी अशी प्रशिक्षणं घेतो. एकदा सगळ्यांना सांगितलं, स्वतःवर झालेला एखादा अन्याय निनावी चिठ्ठीवर लिहा, मग तो कोणत्या कलमात बसतो ते शोधू. चिठ्ठ्या गोळा करून मी मोठ्याने वाचायला लागलो. तिसऱ्या चिठ्ठीला मागच्या बाकावरून आवाज आला, "वाचायची परवानगी घेतलीत का? अक्षर ओळखू येतं." कलम १२, खाजगीपणा. दहाच मिनिटांपूर्वी मीच शिकवलं होतं! चिठ्ठ्या परत केल्या आणि उरलेला तास त्याच प्रश्नावर गेला. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मानवी हक्क शिक्षणाच्या जाहीरनाम्यात हक्कांविषयी, हक्कांमधून आणि हक्कांसाठी शिक्षण असे तीन भाग आहेत. मधला भाग मला त्या दिवशी कळला.

गोधडी
बाळाचा मुद्दा बिनतोड. पण दुसऱ्याची चिठ्ठी न वाचणं हे तुमचं कर्तव्यच होतं ना? मी तेच म्हणतेय.

तिरकस
चिठ्ठीचा किस्सा झकास. पण तो वर्ग असा होता की मागच्या बाकावरून बोललं तरी चालतं. जिथे प्रश्न विचारणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पटावरून जातं, तिथे काय शिकवणार?

जुना वाचक
तिथे चिठ्ठ्या घेणार नाही. तिथे सरळ कलमं पाठ करून घेईन, म्हणजे दप्तर तपासलं तरी काही सापडायचं नाही. (धागाकर्ते कोरा कागद, माफ करा.)