थँक्सगिव्हिंगच्या चार दिवसांत टीव्ही बंद ठेवायचा का?

टोलेडोची वहिनी:
नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, अमेरिकेतला आभार मानायचा सण. गेली बारा वर्षं आमच्याकडे बुधवार संध्याकाळपासून रविवार सकाळपर्यंत सगळं घर जमतं. यंदा सोळा जण आहोत. कोलंबसहून मोठे दीर, जाऊबाई आणि ओहायो स्टेटला शिकणारा पुतण्या, ॲन आर्बरहून मिशिगन विद्यापीठात शिकणारी माझी लेक, शिकागोच्या वन्सं आणि त्यांच्याकडची मंडळी, शिवाय सासूबाई सांगलीहून आल्या आहेत.

गेल्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन आला, "यंदा चारही दिवस टीव्ही लावायचा नाही. माणसं एकमेकांना भेटायला येतात." मी नाही म्हटलं. निदान शनिवारचा मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट सामना तरी बंद करू देणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. या दोघांचा पहिला सामना १८९७ सालचा. २०१० पासून तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी येतो. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली असते. आणि आमचं टोलेडो तर मूळ भांडणाचीच जागा. १८३५-३६ मध्ये हा पट्टा कोणाचा यावरून ओहायो आणि मिशिगन या दोघांनी आपापली माणसं शस्त्रं देऊन उभी केली होती. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला वरचा द्वीपकल्प मिळाला. आमच्या गल्लीत आजही एका दारात लाल झेंडा असतो आणि शेजारच्या दारात निळा-पिवळा.

आता माझं म्हणणं. गुरुवारी जेवताना मुलांना आपण विचारतो, कॉलेज कसं चाललंय? ती म्हणतात, बरं चाललंय. पुढे काही नाही. २०२४ च्या शनिवारी ओहायो स्टेट घरच्या मैदानावर होतं, सगळे त्यांनाच जिंकवून बसले होते, आणि मिशिगनने १३-१० ने हरवलं. सामन्यानंतर मैदानात झेंडा रोवण्यावरून मारामारी झाली, पोलिसांना तिखटाचा फवारा मारावा लागला. आमचा पुतण्या ते बघायला थांबलाच नाही, तो मागच्या अंगणात निघून गेला होता. पाच मिनिटांनी लेक त्याचं जाकीट घेऊन गेली. दोघं अर्धा तास थंडीत उभे होते. इंजिनिअरिंग सोडायचंय, हे त्याने पहिल्यांदा तिला तिथे सांगितलं. आम्हा मोठ्यांना ते मार्चमध्ये कळलं. कुणाशी तरी बोलला, हे माझ्यासाठी फार मोठं आहे, आणि ते त्या सामन्यामुळे झालं.

हडसनकाठची:
वहिनी, तुमचा पुतण्या अंगणात उभा होता तेव्हा भांडी कोण घासत होतं?

हे मी भांडायला विचारत नाही. लग्नानंतरचा माझा पहिला थँक्सगिव्हिंग न्यू जर्सीत, ह्यांच्या मामेभावाकडे. बावीस माणसं, आम्ही पाच बायका. टर्की होतीच, पण निम्मी मंडळी शाकाहारी, म्हणून छोले, पुलाव, बटाट्याची भाजी, दोन कोशिंबिरी आणि पुऱ्या. त्या गुरुवारी एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, सामने किती असतात? तीन. डेट्रॉईट लायन्स १९३४ पासून खेळतात, डॅलस काउबॉइज १९६६ पासून, आणि २००६ पासून रात्रीचा तिसरा. म्हणजे दुपारपासून झोपेपर्यंत सोफ्यावरून उठायला कारणच नाही. मी पुऱ्या लाटत होते आणि बाहेरून आवाज आला, "चहा होईल का गं?" माझी आई गणपतीत ओट्यापाशी तशीच उभी असायची. तिला निदान बाहेर आरती तरी ऐकू यायची.

आमच्याकडे आता सहा वर्षं टीव्हीवर चादर असते. जेवण झालं की सगळे मिळून आवरतो आणि रात्री मेंढीकोट. तुमच्या जाऊबाई बरोबर आहेत.

टोलेडोची वहिनी:
तुमचं दुखणं खरं आहे, त्यावरचा इलाज मला पटत नाही. टीव्ही झाकला म्हणून कोणी सोलाणं हातात घेत नाही. काम वाटून द्यावं लागतं, तोंडाने सांगून.

आमच्याकडे टर्की पुरुषांची. अठरा पौंडांचा पक्षी फ्रीजमध्ये वितळायला चार-पाच पौंडांना एक दिवस धरावा लागतो, म्हणजे रविवारीच फ्रीजरमधून काढायचा. ते दिरांचं काम. बुधवारी रात्री ते आणि आमचे हे मिळून त्याला आतून-बाहेरून मीठ चोळतात. गुरुवारी सकाळी ओव्हनमध्ये घालतात, आणि मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून १६५ फॅरनहाइट दिसल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. पहिल्या वर्षी छाती कोरडी ठाक झाली होती. कुणी बोललं नाही, दुसऱ्या वर्षी त्यांनीच सुधारलं.

शनिवारी तर गॅस पेटवायचाच नाही, हा नियम आहे. उरलेली टर्की हाताने सुटी करून शुक्रवारीच मालवणी मसाल्यात परतलेली असते, ती पावात भरून खायची. सोबत क्रॅनबेरीचा मेथांबा. क्रॅनबेरी कैरीइतकीच आंबट, त्यामुळे मेथी आणि गूळ तिला झकास लागतात. कागदी ताटल्या. बाराला सामना सुरू होतो तेव्हा सगळे बसलेले असतात, सासूबाईसुद्धा.

हंट्सव्हिलकर:
स्वयंपाकघराचं तुम्ही दोघी ठरवा. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. वैर घरात आणू नये.

मी अलाबामात राहतो. इथे राहायला आलो त्याच आठवड्यात शेजाऱ्याने विचारलं, अलाबामा की ऑबर्न? कुठलंच नाही, हे उत्तर चालत नाही. या दोन विद्यापीठांच्या संघांचा सामना १८९३ पासूनचा, पण १९०७ नंतर व्यवहारावरून असं फिसकटलं की १९४८ पर्यंत दोघं एकमेकांशी खेळलेच नाहीत. चाळीस वर्षं!

माझा थोरला अलाबामाला शिकला, धाकटा ऑबर्नला. २०१३ साली दोघं घरी होते. २८-२८ बरोबरी, घड्याळात एक सेकंद. अलाबामाने ५७ यार्डांवरून किक मारली, ती तोकडी पडली, आणि ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने अगदी मागच्या टोकाला चेंडू झेलून अख्खं मैदान पार केलं. ३४-२८. धाकटा हसत सुटला. हसता हसता तो भावाला असं काही बोलला, जे मी इथे लिहिणार नाही. थोरला त्याच संध्याकाळी गाडी काढून निघून गेला. हिने त्याच्यासाठी बांधलेला पंपकिन पाय, भोपळ्याचा गोड पदार्थ, दाराशेजारच्या टेबलावर तसाच राहिला. मी दारात उभा होतो, त्याला थांबवू शकलो नाही. दोघं जानेवारीत बोलले. तुमच्या अंगणात जाकीट नेणारी मुलगी होती. प्रत्येक घरात असते असं नाही.

पेठकरी:
काका, वाचून वाईट वाटलं. तरीही मी वहिनींच्या बाजूने.

मी कोल्हापूरचा. पाटाकडील विरुद्ध दिलबहार, या दोन तालमींचा फुटबॉलचा (पायाने खेळायच्या) सामना असला की शाहू स्टेडियमवर काय असतं ते लहानपणापासून बघितलंय. आमच्या पेठेत दोन सख्खे भाऊ दोन तालमींचे, सामन्याच्या दिवशी एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मिसळ एकाच टेबलावर. वैर कुठे ठेवायचं आणि कुठे सोडायचं, हे त्यांना खेळानेच शिकवलं.

आता कोलंबसमध्ये आहे, बायको अमेरिकन. तिचे वडील आणि माझे वडील, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पहिल्या वर्षी गुरुवारी जेवताना दोघं नुसते हसत बसले, मला बघवेना. शनिवारी सासऱ्यांनी टेबलावर शेंगदाणे मांडले, मिठाची बाटली उभी केली आणि समजावलं: चार प्रयत्न, दहा यार्ड. दहा झाले तर परत चार. बाबा दुसऱ्या क्वार्टरला स्वतः शेंगदाणे सरकवायला लागले. आता बाबा इचलकरंजीहून शनिवारी रात्री फोन करतात आणि म्हणतात, "व्याह्यांना दे." दोघं फक्त आकडे बोलतात. टीव्ही बंद असता तर ते काय बोलले असते?

न्यूरोवाली ताई:
सगळे माणसांबद्दल लिहिताय, म्हणून मैदानातल्या माणसांबद्दल लिहिते. २०१७ साली बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएल खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, ११० मध्ये डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा सीटीई हा आजार सापडला. हे मेंदू मुख्यतः ज्यांच्यात लक्षणं दिसत होती त्यांच्या घरच्यांनी दान केलेले होते, त्यामुळे दर १११ मागे ११० असा अर्थ काढायचा नाही. तरीही इतक्यांमध्ये सापडला, हे विसरता येत नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्यावर सोफ्यावरचे सगळे मोठे टाळ्या वाजवतात, ते त्याने बघू नये असं मला वाटतं. वहिनी, यावर तुमचं काय म्हणणं आहे?

टोलेडोची वहिनी:
ताई, उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. एवढं करते की खेळाडू पडून राहिला की आमच्याकडे कुणी बोलत नाही, तो उठेपर्यंत. मुलांना कारण सांगते. लेकीला धाकटा भाऊ असता तर त्याला हा खेळ खेळू दिला नसता, हेही खरं.

हंट्सव्हिलकर, तुमच्या थोरल्याबद्दल वाचून मी उठून लेकीला फोन केला.

हडसनकाठची:
वहिनी, एक प्रश्न राहिलाच. शुक्रवारी ती टर्की कुणी परतली? मेथांबा कुणी केला? आणि तुमच्या घरी घारगे होत असणारच.

टोलेडोची वहिनी:
टर्की ह्यांनी परतली. मेथांबा वन्संनी केला. घारगे सासूबाईंनी थापले, मी तळले, रात्री साडेअकरापर्यंत, आणि बाकीचे झोपले होते. हे मी वर लिहायला हवं होतं. तुमचा प्रश्न योग्य आहे.

काल जाऊबाईंशी पुन्हा बोलले. गुरुवारी टीव्ही बंद, लायन्ससुद्धा नाहीत, ही त्यांची अट मी मानली. दिरांना ते जड जाणार आहे, त्यांना जाऊबाईच सांगतील. शनिवारी बारापासून सामना संपेपर्यंत चालू, ही माझी अट त्यांनी मानली. आणि यंदाचे घारगे लेक आणि पुतण्या करणार. दोघांना फोनवर सांगून झालंय. डब्यातला भोपळा आणलाय, पंधरा औंसाचे दोन डबे. तो पाणचट असतो, म्हणून गूळ घालायच्या आधी कढईत चांगला आटवायचा, चमचा उभा राहील इतका. मग त्यात मावेल तेवढीच कणीक. पीठ सैल राहिलं तर घारगे तेल पितात.